सही परत घेता येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्त माणसाला फोनवरून लाखोंचा गंडा, ही बातमी आपल्या शहराला आता नवी राहिलेली नाही. वाचणारा हळहळतो, 'एवढे शिकलेले असून फसले कसे' म्हणतो आणि पान उलटतो. पण उतारवयात घर आणि पैसा जाण्याची ती एकच वाट नाही. पुष्कळदा नुकसान होते ते ज्येष्ठाच्या स्वतःच्या सहीने. मुलाला घर विनामोबदला देऊन टाकणाऱ्या बक्षीसपत्रावरची सही, ठेव समजून विम्याच्या फॉर्मवर केलेली सही, पुतण्याला दिलेल्या मुखत्यारपत्रावरची, म्हणजे 'पॉवर ऑफ ॲटर्नी'वरची, सही. ओटीपी हीसुद्धा सहीच आहे आणि आधारचा अंगठाही सहीच.

म्हणून कुठलाही कागद पुढे आला की आधी एवढेच विचारावे: ही सही उद्या परत घेता येईल का? मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. नॉमिनी बदलता येतो. मुखत्यारपत्र रद्द करता येते. नवी विमा पॉलिसी ३० दिवसांच्या आत परत करता येते. मोबाइलवरून गेलेली रक्कम पहिल्या काही तासांत अडवता आली तर आली. नोंदवलेले बक्षीसपत्र मात्र नुसते मन बदलले म्हणून परत येत नाही.

सुरुवात त्याच्यापासूनच करतो, कारण त्यातली चूक सर्वांत महाग पडते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची झाल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभार वेगळे. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण 'आत्ता दोनशेत होतंय, नंतर खर्च वाढेल' एवढ्या एका वाक्यावर गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत लोक हयातीतच घराची मालकी सोडून देतात. नंतर पटेनासे झाले की आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहावे लागते. आमचे मत स्पष्ट आहे: जे काम मृत्युपत्राने होते, त्यासाठी बक्षीसपत्र करू नये. मृत्युपत्राला तर मुद्रांक शुल्क लागतच नाही, आणि घर शेवटपर्यंत आपलेच राहते.

तरीही बक्षीसपत्र करायचेच असेल, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा आणि त्याचे कलम २३ माहीत हवे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. सारे अडते ते 'अटीवर' या शब्दापाशी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये सांगितले की अशी अट असल्याचे दिसले पाहिजे, नुसते नाते पुरेसे नाही. जानेवारी २०२५मधल्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकते हे स्पष्ट केले. पण उदार अर्थावर विसंबून कशाला राहायचे? दस्तातच लिहून घ्यावे: 'देणार यांच्या हयातीत त्यांचा या घरातील निवास, अन्न, औषधोपचार व नित्य गरजा घेणार यांनी भागवाव्यात या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे, अट मोडल्यास ते रद्द करण्याचा हक्क देणार यांनी राखून ठेवला आहे.' त्याखाली तहहयात निवासाचा हक्क वेगळ्या वाक्यात लिहावा. छापील मसुद्यात ही वाक्ये बहुधा नसतात आणि मसुदा करणारा ती आपणहून घालत नाही.

हे न्यायाधिकरण म्हणजे आपल्या उपविभागाचे प्रांत कार्यालय. निर्वाहखर्चाचा अर्जही तिथेच करायचा. वकील लागतोच असे नाही, साध्या कागदावर लिहिलेला अर्ज चालतो. कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, निकाल व्हावा असे कायदा सांगतो. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला पुढे मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडूनही निर्वाह मागता येतो, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, टंकलेखनही सक्तीचे नाही. हाताने लिहिलेले चालते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. तिघे एकाच वेळी, एकाच टेबलाशी बसून सह्या करतील तर पुढे प्रश्न येत नाही. नोटरीचा शिक्का आहे पण साक्षीदार नाहीत, असे मृत्युपत्र टिकत नाही. लोक शिक्क्यालाच सर्वस्व समजतात. वाद न्यायालयात गेला तर निदान एका साक्षीदाराला येऊन साक्ष द्यावी लागते, म्हणून रोज बागेत भेटणारे पंचाहत्तरीचे मित्र साक्षीदार म्हणून घेऊ नयेत. चाळीस-पन्नाशीतले, नाशिकमध्येच राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही असे दोघे निवडावेत. एक साक्षीदार आपले डॉक्टर असले तर उत्तमच. नसतील तर त्याच दिवशीचा 'शुद्धीत व समजण्याच्या स्थितीत आहेत' असा त्यांचा दाखला सोबत जोडावा. कायदा तो मागत नाही, पण मृत्युपत्रावर पहिला हल्ला शुद्धीच्या मुद्द्यावरूनच होतो.

मजकुरात चुका कुठे होतात तेही सांगतो. 'माझे सिडकोतले घर' एवढे लिहून भागत नाही. प्लॉट किंवा फ्लॅटचा क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ लिहावे. निफाड-दिंडोरीकडे शेती असेल तर गाव, तालुका आणि गट नंबर. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत फक्त स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते, आणि २००५च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीही मुलांइतक्याच वाटेकरी आहेत, हे न धरता केलेली वाटणी पुढे दहा-पंधरा वर्षे दिवाणी न्यायालयात फिरते. एखाद्याला कमी दिले असेल तर कारण दोन ओळींत, राग न काढता लिहावे. ज्याला द्यायचे तोच आधी गेला तर कोणाला, हे लिहावे. आणि 'याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती अमुक व्यक्तीला' हे वाक्य विसरू नये. ते नसेल तर नंतर घेतलेली ठेव किंवा विसरलेले शेअर पुन्हा सर्व वारसांत विभागले जातात. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमावा. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचा उल्लेख करून प्रत्येक पानावर सही करावी. मुस्लिम बांधवांच्या बाबतीत, वारसांची संमती नसेल तर, एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते.

नोंदणी करून घ्यावी, असेच आम्ही सांगू. दुय्यम निबंधक कार्यालयात जाणे शक्य नसलेल्या आजारी व्यक्तीसाठी निबंधकाने घरी येऊन नोंदणी करण्याची सोय नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. अर्ज करून ती मागावी लागते. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतो.

बायकांनी तर मृत्युपत्र करावेच. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला पती-मुले नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे किंवा भावंडांकडे नाही. आयुष्यभर शिक्षिकेची किंवा परिचारिकेची नोकरी करून घेतलेला फ्लॅट कधी न भेटलेल्या दिराच्या मुलांना मिळतो तो असा. पुरुषांनाही एक सांगणे आहे. पत्नीला 'हयातीपुरता उपभोग' आणि मालकी मुलांना, अशी वाटणी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घर विकून लहान घरात जायचे किंवा उपचाराला पैसे उभे करायचे झाले की त्या बाईचे हात बांधलेले असतात. आधी तिला पूर्ण मालकी द्यावी, असे आम्हाला वाटते.

'सगळीकडे नॉमिनी लावलेत, मृत्युपत्र कशाला' असे उत्तर हमखास मिळते. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा; मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच पुन्हा सांगितले. आयुर्विम्यात पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर २०१५च्या दुरुस्तीमुळे त्यांचा हक्क अधिक भक्कम आहे, एवढा अपवाद. सोसायटीतला नॉमिनीही फ्लॅटचा मालक होत नाही. पण नॉमिनी लावू नये असा याचा अर्थ नव्हे. तो नसेल तर बँक कागदपत्रांसाठी फेऱ्या मारायला लावते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला आणि ठेवीला चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीने किंवा एकामागून एक असे लावता येतात. लॉकरला मात्र एकामागून एक एवढाच पर्याय आहे. मृत्युपत्रातली नावे आणि नॉमिनीची नावे एकच ठेवली की निम्मी भांडणे उगवतच नाहीत.

संयुक्त ठेवीतली एक बारीक अडचण. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, असे लिहिलेले असले तरी एकजण गेल्यावर मुदतीआधी ठेव मोडायची झाली, तर दोघांनी मिळून आधीच तशी लेखी सूचना दिलेली नसल्यास बँक मृताच्या वारसांची संमती मागते. दवाखान्याचे बिल डोक्यावर असताना हे कळते. शाखेत जाऊन प्रत्येक ठेवीसाठी ही सूचना आजच भरून द्यावी, दहा मिनिटांचे काम आहे.

मुखत्यारपत्राबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, 'पॉवर' दिली की माणूस गेल्यावरही ती चालते. चालत नाही, मृत्यूबरोबर ती संपते. दुसरा अधिक घातक: स्मृतिभ्रंश झाल्यावर ती उपयोगी पडेल म्हणून आधीच करून ठेवणे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारीही संपते. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. मग घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. यावर पूर्ण उपाय सध्याच्या कायद्यात नाही. विस्मरणाची पहिली चिन्हे दिसताच पेन्शनचे खाते जोडीदाराबरोबर संयुक्त करणे, विखुरलेल्या ठेवी एकत्र आणणे आणि मृत्युपत्र त्याच आठवड्यात करणे एवढे हातात असते. फक्त हात थरथरतो, समज शाबूत आहे, अशा आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने अंगठ्याची, हाताचा उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचीही, सोय ठेवली आहे. दोन साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा मागता येते. 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवले तर या दोन्ही गोष्टी लेखी मागाव्यात.

मुखत्यारपत्र द्यायचेच तर 'सर्व व्यवहार' असे कधी लिहू नये. काम एक, मालमत्ता एक, मुदत सहा महिने. विक्रीचा अधिकार द्यायचा असेल तर पैसे कोणत्या खात्यात जमा होतील तो खाते क्रमांक मजकुरातच घालावा. रद्द करताना नुसता कागद फाडून भागत नाही. रद्दपत्र करावे, मूळ नोंदवलेले असेल तर तेही नोंदवावे, आणि मुखत्याराला, बँकेला, सोसायटीला पोच घेऊन कळवावे.

शेती किंवा मोकळा प्लॉट असलेल्यांनी महिन्यातून एकदा महाभूलेखवर आपला सातबारा पाहावा. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. 'आपली चावडी' या शासकीय संकेतस्थळावर गावनिहाय प्रलंबित फेरफारांच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावे बदलण्याच्या नोंदींच्या, नोटिसा दिसतात. बनावट मुखत्यारपत्रावर झालेली विक्री फेरफाराच्या टप्प्यावरच लक्षात आली तर हरकत घेता येते. नोंद मंजूर झाल्यावर अपिले करत बसावे लागते. मुले परदेशी आणि प्लॉट मखमलाबाद-आडगावकडे रिकामा, अशांनी तर हे चुकवू नये.

ठेवींविषयी लिहिताना शब्द जपून वापरायला हवेत, कारण आपला जिल्हा सहकारावर उभा आहे. पण फरक सांगायलाच हवा. राष्ट्रीयीकृत, खासगी, नागरी सहकारी किंवा जिल्हा बँक असो, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत सर्व शाखा मिळून, मुद्दल व व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही, एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या 'मल्टिस्टेट' पतसंस्थेलाही नाही. पाटी सारखीच, काउंटर सारखाच, पासबुक सारखेच. म्हणून हा फरक जाणवत नाही. प्रेसमधून, ओझरच्या कारखान्यातून किंवा सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी एकाच पतसंस्थेत जातो. संस्था बुडाली तर महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९, म्हणजे एमपीआयडीखाली, तक्रार करता येते. मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण त्याला वर्षे लागतात आणि म्हाताऱ्या माणसाकडे वर्षेच नसतात. एका बँकेत ५ लाखांच्या वर ठेवायचेच असेल तर पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा केला की ते वेगळे खाते धरले जाते, हे ध्यानात ठेवावे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि मागे सरकार उभे असते. त्या व्याजाशी प्रत्येक आमिष ताडून पाहावे. महिन्याला तीन टक्के देणारा ते कुठून आणतो, याचे उत्तर कोणाकडेच नसते. पिग्मी एजंट कितीही ओळखीचा असला तरी महिन्यातून एकदा पासबुक काउंटरवरूनच भरून घ्यावे.

आरोग्य विम्यात पैसे कापले जातात ते खोलीभाड्यावरून. पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. रुग्ण ८,००० च्या खोलीत राहिला तर केवळ फरकाचे ३,००० जात नाहीत. शस्त्रक्रिया, डॉक्टर, नर्सिंग असा जोडीचा खर्चही पाच अष्टमांशच धरला जातो. १,६०,००० च्या अशा खर्चात हातात १,००,००० येतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या आहेत, तेव्हा बिलात तिथेही कात्री लागली असेल तर हरकत घ्यावी. दाखल होतानाच 'माझ्या पॉलिसीत खोली कितीची' हे विमा काउंटरवर विचारावे. रक्तदाब, मधुमेह लपवू नये. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षेची मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पासष्टीनंतर पॉलिसी मिळत नाही हेही जुने झाले; एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने वयाची ती अट काढली आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे; बिलात तो दिसला तर विचारावे.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळते. वर्षाला ५ लाख, घरातल्या सर्व सत्तरीपुढच्यांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी चालते. केंद्र सरकारी किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असणाऱ्यांना, देवळालीत असे पुष्कळ आहेत, दोन्हींपैकी एक निवडावी लागते. कार्ड मोफत आहे. त्यासाठी फी मागणारा किंवा लिंक पाठवणारा भामटा समजावा. रुग्णालय त्या विशिष्ट आजारासाठी पॅनेलवर आहे का, हे १४५५५ वर आधी विचारावे.

ठेव नूतनीकरणाला गेलेल्या माणसाला विम्याची पॉलिसी देणे हा प्रकार थांबलेला नाही. फॉर्मवर 'प्रस्तावपत्र' किंवा 'हप्ते भरण्याची मुदत' असे शब्द दिसले की ती ठेव नव्हे. नंतर पडताळणीचा फोन येतो, त्याआधी 'सगळ्याला हो म्हणा' असे सांगितलेले असते. तिथेच नाही म्हणायचे. कागद हातात किंवा ईमेलवर आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करण्याचा अर्ज शाखेत देऊन तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगून दिवस जातात, आणि समोरच्याला तेच हवे असते. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतची तक्रार फुकट करता येते. बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस देतो म्हणून विमा नियामकाच्या नावाने येणारे फोन सरळ खोटे असतात. नियामक कोणालाही असा फोन करत नाही.

राहिला फोन. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही आणि तपासासाठी पैसे खात्यात भरायला सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी या प्रकारांचा तपास सीबीआयकडे दिला, यावरून त्याचा पसारा कळावा. 'कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका' हीच त्याची खूण. मग तो दुसऱ्या खोलीत जाऊन बोलण्याचा आदेश असो किंवा बँकेत कारण खोटे सांगण्याचा. दुसरा प्रकार एपीके फायलीचा, म्हणजे फोनवर परस्पर ॲप बसवणाऱ्या फायलीचा. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, वीजजोडणी तोडण्याची सूचना किंवा हयातीचा दाखला अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते. उघडली की मेसेज परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. उघडली गेली असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला कळवावे. कॉल दुसरीकडे वळवले गेल्याचा संशय असेल तर ##००२# डायल केले की सर्व फॉरवर्डिंग रद्द होते.

१९३० वर फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक जवळ हवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून आणखी चारांत जातात. जिथे पोचले तिथेच गोठवायचे असतात, म्हणून आधी फोन, मग पोलीस ठाणे, मग मुलाला सांगणे. आपली काहीही चूक नसताना खात्यातून पैसे गेले तर बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे तिथेही मिनिटे मोजली जातात.

पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत त्याला यूपीआय जोडूच नये. महिन्याच्या खर्चाचे आठ-दहा हजार वेगळ्या खात्यात ठेवून मोबाइलला तेवढेच जोडावे. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय शाखेत सांगून बंद करून घ्यावी. जुन्या खरेदीखतांच्या प्रतींवर अंगठ्याचे ठसे असतात आणि ते वापरून आधारमार्फत पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत, म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते तात्पुरते उघडावे लागते. लॉक केल्याचे विसरून 'ठसा जुळत नाही' म्हणून परत येणारे अनेकजण असतात.

बँकांच्या शाखांकडे आमची एक मागणी आहे. साठीपुढचा खातेदार एकटा येऊन मोठी ठेव मुदतीआधी मोडतो आणि कधीही न वापरलेल्या खात्यावर आरटीजीएस करायला सांगतो, तेव्हा त्याला व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये बसवून पाणी द्यावे, हातातला फोन बंद करून टेबलावर ठेवायला सांगावा, आणि घरच्या एका माणसाशी शाखेच्या फोनवरून बोलणे करून द्यावे. अर्ध्या तासाचा उशीर खऱ्या व्यवहाराला अडत नाही.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अशा बातमीत किती लाख गेले हे ठळक छापले जाते. त्याबरोबर पैसे गेल्यापासून १९३० ला फोन किती तासांनी झाला, त्यातले किती गोठवता आले, आणि ठेव शाखेत मोडली की मोबाइलवर, हे तीन तपशील पोलिसांकडून घेऊन छापावेत. शेजारी ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ आणि विधी सेवेचा १५१०० हे क्रमांक चौकटीत द्यावेत. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, हेही त्याच चौकटीत एका ओळीत मावेल.

आपले,
बँक, विमा व दस्तनोंदणीच्या कामातले काही निवृत्त कर्मचारी आणि वकील, नाशिक